परभाषेचा वर्ग

इतिहास माहीत असतो, भूमिती समजते, पण भाषा 'येते'. मराठी माणूस 'मला कानडी येते' असे म्हणतो. पोहणे येते, पेटी वाजविता येते, पुरणपोळी करता येते, त्याच पंक्तीला तो भाषेला बसवितो. बोलण्याच्या या साध्या रीतीत शिक्षणशास्त्रातला एक मोठा विचार दडलेला आहे. पोहण्यावरचा ग्रंथ मुखोद्गत करून कोणी नदीत तरत नाही. तरीही परभाषेच्या बाबतीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच प्रयोग चाललेला दिसतो. आठ-आठ, दहा-दहा वर्षे एखादी भाषा शिकून, तिच्या परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन, ती बोलणारा मनुष्य समोर उभा राहिला की तोंडून शब्द फुटू नये, हा अनुभव हजारोंचा आहे. दोष बहुधा विद्यार्थ्याच्या बुद्धीला दिला जातो. वस्तुतः तो वर्गात काय घडते आणि काय घडत नाही, यात शोधावयास हवा.

हा शोध घेण्यास दिल्लीसारखे दुसरे ठिकाण नाही. देशाच्या सर्व भागांतून नोकरीसाठी आलेले लोक येथे हिंदी शिकतात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मन, लोदी वसाहतीतल्या आलियाँस फ्रांसेझमध्ये फ्रेंच आणि कॅनॉट प्लेसजवळच्या सर्व्हांतेस संस्थेत स्पॅनिश शिकविली जाते. रशियन भाषेसाठी १९६५ साली येथे एक स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढे ती १९६९ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. याच शहरात, आणि आता गुरुग्राम व नोएडा धरून पसरलेल्या त्याच्या परिसरात, मराठी कुटुंबांतील मुले आपली स्वतःची भाषा दुसरी भाषा म्हणून शिकण्याच्या स्थितीला आली आहेत. हे तीन वर्ग शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे परभाषा कशाने येते हे बरेचसे उमगते.

आधी जुन्या रीतीला न्याय दिला पाहिजे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेने, म्हणजे १८६४ च्या त्या पहिल्या संस्कृत पुस्तकाने, असंख्यांना संस्कृताचे दार उघडून दिले. नियम सांगावा, त्याची उदाहरणे द्यावीत, मग या भाषेतून त्या भाषेत व त्या भाषेतून या भाषेत वाक्ये फिरवावीत, अशी ही पद्धती. तिने वाचणारे आणि अचूक लिहिणारे लोक घडविले, हे तिचे ऋण नाकारता येणार नाही. परंतु तिच्यातली वाक्ये कोणी कोणाला उद्देशून बोललेली नसतात. 'माळ्याने राजाला फूल दिले' या वाक्याने वर्गात कोणाचेही काही अडत नाही. माळी तेथे नाही, राजा नाही आणि फूलही नाही. विद्यार्थ्याचे सारे लक्ष विभक्तीवर असते. सांगण्यासारखे काही त्याच्यापाशी नसते आणि ऐकण्यास उत्सुक असा कोणी समोरही नसतो.

ही उणीव जुन्यांना जाणवली नव्हती असे नाही. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांसाठी. त्या कामात त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य झाले. या व्याकरणाला त्यांनी नित्याच्या विषयांवरचे संवाद जोडले होते. अधिकाऱ्याला पुढे माणसांशी बोलावयाचे आहे, हे ओळखूनच ती योजना झाली असली पाहिजे. त्याच्याही आधी, १६५८ साली, कोमेनियस या शिक्षणवेत्त्याने मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढून वस्तू आणि शब्द एकमेकांशेजारी मांडले होते. तेव्हा संवाद आणि चित्र ही साधने नवी नव्हेत. त्यांच्याकडून वर्गात काय काम करून घ्यावयाचे, याविषयीची समज तेवढी पुढच्या काळात वाढत गेली.

आता दिल्लीतला पहिला वर्ग पाहू. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना हिंदी शिकविण्याचे वर्ग १९५२ साली शिक्षण मंत्रालयाने सुरू केले; १९५५ पासून गृहमंत्रालयाकडे ही हिंदी शिक्षण योजना आली. १९६० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने पंचेचाळीस वर्षांखालील बहुतेक कर्मचाऱ्यांना हे प्रशिक्षण अनिवार्य झाले. प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. तमिळ किंवा मल्याळम ज्याची मातृभाषा आहे त्याने प्रबोधपासून आरंभ करावयाचा. मराठी, गुजराती किंवा बंगाली माणसाने मात्र एकदम प्रवीणच्या वर्गात बसावयाचे. म्हणजे मराठी माणसाला पहिली पायरी माफ! लिपी एकच, निम्मेअधिक शब्द ओळखीचे. तेव्हा ही सवलत वाजवी वाटते.

पण जवळची भाषा शिकणे हे दूरची भाषा शिकण्याहून एका परीने अवघड असते, कारण तेथे सावध राहण्याची गरज कोणाला भासत नाही. 'शिक्षा' म्हटले की मराठी मनात छडी उभी राहते; हिंदीत ते शिक्षण. 'चेष्टा' म्हणजे हिंदीत प्रयत्न, 'संसार' म्हणजे जग, आणि 'अभ्यास' म्हणजे सराव. दिल्लीच्या मंडईत सीताफळ मागावे तर भाजीवाला भोपळा कापावयास घेतो. कारण येथे सीताफल म्हणजे भोपळा, आणि आपल्या सीताफळाला शरीफा म्हणतात. लिंगांचा घोटाळा त्याहून सूक्ष्म आहे. आवाज, देह, विजय, आत्मा हे मराठीत सारे पुल्लिंगी. हिंदीत तेच स्त्रीलिंगी. मराठीचे नपुंसकलिंग हिंदीत नाहीच. तेव्हा पुस्तक तेथे स्त्री होते आणि दूध पुरुष होते. 'त्याने आंबा खाल्ला' याचे 'उसने आम खाया' सहज जमते. पण मराठीत 'मी आंबा खाल्ला' म्हणताना 'मी'ला 'ने' लागत नाही, म्हणून मराठी माणूस 'मैंने' म्हणण्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे अडखळतो.

अशा शब्दांची नि नियमांची यादी फळ्यावर लिहून देणे हा सोपा मार्ग. याद्या पाठ होतात आणि बोलताना नेमक्या आठवत नाहीत. अनुभवी शिक्षक दुसरी वाट धरतो. तो वर्गात भाजीबाजार मांडतो. निम्म्या विद्यार्थ्यांच्या हाती भाज्यांची चित्रे व त्यांचे भाव असतात, निम्म्यांच्या हाती घरून आलेली यादी असते. एकाची यादी दुसऱ्याने पाहावयाची नाही. जे काही व्हावयाचे ते बोलून. सीताफल मागणाऱ्याच्या पुढ्यात भोपळ्याचे चित्र आले की वर्ग हसतो, आणि तो शब्द पुन्हा कोणी विसरत नाही. 'ने'साठीही असेच काही योजता येते. कालच्या रविवारी प्रत्येकाने काय काय केले, हे शेजाऱ्याला विचारून एक तक्ता भरावयाचा. 'मैंने किताब पढ़ी', 'मैंने चाय पी', असे वाक्य प्रत्येकाच्या तोंडून दहा-वीस वेळा जाते, आणि ते कंटाळवाणे होत नाही. कारण दर वेळी उत्तर निराळे असते आणि विचारणाऱ्याला ते आधी ठाऊक नसते.

या शेवटच्या गोष्टीतच साऱ्याचे मर्म आहे. 'हे काय आहे?' असे पुस्तक हातात धरून शिक्षक विचारतो, तेव्हा ते पुस्तक आहे हे शिक्षकाला दिसते आणि विद्यार्थ्यालाही दिसते. व्यवहारात असा प्रश्न शहाणी माणसे एकमेकांना विचारीत नाहीत. एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, पण हवे आहे, एवढ्यानेच बोलणे जन्माला येते. या दोहोंमधल्या दरीला भाषाशिक्षणाच्या परिभाषेत माहितीचे अंतर म्हणतात. वर्गातला उपक्रम चांगला की नुसता करमणुकीचा, हे ठरविण्याची ही कसोटी आहे: बोलल्यावाचून भरून निघणार नाही असे काही अंतर त्यात आहे काय?

या विचाराला शास्त्रीय बैठक देण्यात एका भारतीयाचा वाटा मोठा आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत इंग्रजी शिकविण्याचा एक प्रयोग केला. बंगलोर प्रकल्प या नावाने तो जगभर ओळखला जातो. या वर्गांत व्याकरणाचा क्रम ठरविलेला नव्हता. पाठ ठरलेले होते ते कामांचे. रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा अशी साधी साधने. अमुक गावाला सायंकाळपूर्वी पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी, मध्ये किती वेळ थांबावे लागेल, असे प्रश्न. आधी शिक्षक तसलेच एक काम साऱ्या वर्गाबरोबर मोठ्याने विचार करीत सोडवी; मग दुसरे विद्यार्थ्याने स्वतः सोडवावयाचे. प्रभूंनी या कामांचे तीन प्रकार मानले. एकापाशी असलेली माहिती दुसऱ्याकडे पोहोचविणे हा पहिला, हाती आलेल्या माहितीवरून अनुमान काढणे हा दुसरा, आणि स्वतःचे मत किंवा आवडनिवड सांगणे हा तिसरा. विद्यार्थ्याचे मन अर्थात गुंतले असता भाषेची घडण आपोआप आत मुरते, असा त्यांचा सिद्धांत होता. १९८७ साली त्यांनी तो ग्रंथरूपाने मांडला. व्याकरण मुळीच सांगू नये, हे त्यातले टोक सर्वांना मान्य झाले नाही आणि होण्याचे कारणही नाही. वयाने मोठा झालेला विद्यार्थी नियम विचारतोच, आणि तो सांगितल्याने त्याचे काम हलके होते. पण नियम कामाच्या मागून यावा, या गोष्टीला आज व्यापक संमती आहे.

दिल्लीच्या दुसऱ्या वर्गात, म्हणजे परदेशी भाषांच्या वर्गात, हे तत्त्व स्पष्ट दिसते. तेथील विद्यार्थी नवख्या भाषेशी कोरी पाटी घेऊन येतो. आरंभीच्या दिवसांत शिक्षक आज्ञा देतो आणि विद्यार्थी त्या कृतीने पाळतात: उठा, दाराशी जा, खिडकी उघडा, वही शेजाऱ्याला द्या. बोलण्याची सक्ती नसते; कान आधी तयार होतो. तान्हे मूलही बोलू लागण्याआधी कितीतरी महिने ऐकत असते, हे आईला कोणी शिकवावे लागत नाही; वर्गात मात्र पहिल्याच तासाला उत्तराची अपेक्षा केली जाते. आज्ञांच्या पाठोपाठ ओळख करून देणे, वेळ विचारणे, घराचा पत्ता सांगणे, असे लहान लहान व्यवहार येतात. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या निश्चित केल्या. त्यांत विद्यार्थ्याला कोणते काळ व कोणते प्रत्यय ठाऊक आहेत यापेक्षा त्याला काय करता येते याची नोंद आहे: स्वतःची ओळख देता येते, दुकानात वस्तू मागता येते, मत मांडून ते सावरता येते. 'येते' या मराठी क्रियापदात जे आहे तेच येथे मापनाची पट्टी बनले, असे म्हणावयास हरकत नाही.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. परदेशी भाषेच्या वर्गात पंधरा-वीस विद्यार्थी असतात आणि भिंतीवर सुंदर चित्रे असतात. पन्नास मुलांच्या वर्गात, खडू व फळा याखेरीज काही नसताना, हे कसे साधावे? याचे उत्तर असे की, अशा उपक्रमांना संख्या आड येत नाही, उलट उपयोगी पडते. शिक्षकाने एकेका मुलाला उभे करून विचारले, तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला एखादे मिनिट येते. तीच मुले जोडीजोडीने बोलू लागली, म्हणजे पंचवीस जण एकाच वेळी बोलतात. वर्गात गलबला होतो, हे खरे. पण भाषेच्या वर्गातली शांतता हे शिस्तीचे लक्षण असले, तरी प्रगतीचे लक्षण असेलच असे नाही. कागदाचा एक ताव अर्धा फाडून त्यावर अपुरी माहिती लिहिली की जोडीचे साधन तयार झाले. चार ओळींचा उतारा वर्गाबाहेर भिंतीवर लावावा. एकाने जाऊन वाचावा, लक्षात ठेवावा, परत येऊन जोडीदाराला सांगावा, आणि जोडीदाराने लिहून घ्यावा. या एका खेळात वाचन, स्मरण, उच्चार, श्रवण आणि लेखन अशी पाच कामे होतात, आणि खर्च काहीच नाही.

साधनांच्या बाबतीत दिल्ली तर उदार आहे. २००० च्या कायद्याने येथे हिंदीबरोबर उर्दू व पंजाबी यांना द्वितीय राजभाषेचे स्थान मिळाले; म्हणून रस्त्यांच्या पाट्यांवर एकच नाव देवनागरी, रोमन, गुरुमुखी व उर्दू अशा चार लिप्यांत आढळते. नवी लिपी शिकणाऱ्याला याहून चांगले पहिले पुस्तक कोणते? उच्चार ठाऊक असलेले नाव अनोळखी अक्षरांत शोधावयाचे, म्हणजे अक्षरे आपणहून ओळख देऊ लागतात. मेट्रोच्या डब्यात पुढच्या स्थानकाची घोषणा हिंदीत व इंग्रजीत पाठोपाठ होते. रोज तेच वाक्य, नाव तेवढे निराळे. नवशिक्याच्या कानाला हा उत्तम सराव आहे. आणि प्रत्येकाच्या खिशात असते ते साधन म्हणजे चलनी नोट. हिंदी आणि इंग्रजी सोडून तिच्यावर आणखी पंधरा भाषांत तिचे मूल्य छापलेले असते. त्यांतल्या चार ओळी, म्हणजे कोंकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत या भाषांच्या, देवनागरीत आहेत. शंभराची नोट मुलांच्या हाती देऊन 'यातली मराठी ओळ कोणती, आणि कशावरून?' एवढे विचारावे. लिपी एक असूनही भाषा वेगळी कशी असते, याचा पाठ त्या एका प्रश्नात मिळतो.

ध्वनिसाधनांचे महत्त्व फार पूर्वीच ओळखले गेले. बीबीसीने १९४३ साली रेडिओवरून इंग्रजीचे पाठ सुरू केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाषा-प्रयोगशाळांचा मोठा बोलबाला झाला. कानांवर यंत्र चढवून विद्यार्थी वाक्यामागून वाक्य म्हणत राही. उच्चार सुधारत, पण यंत्राला उत्तर ऐकण्याची उत्सुकता नसल्यामुळे बोलणे काही येत नसे, आणि तो उत्साह ओसरला. हाच धडा आजच्या दूरध्वनीवरील पाठांनाही लागू आहे. साधन कितीही नवे असो, त्याने ऐकविलेल्या मजकुराचे वर्गात काय करावयाचे हे ठरलेले नसेल, तर ते शोभेपुरते उरते. उलट जुने साधनही नेमकेपणाने वापरले तर जिवंत होते. आकाशवाणीवरून १९७४ पासून संस्कृत बातम्या दिल्या जातात. ज्याने संस्कृत केवळ रूपावलीतून पाहिले आहे त्याला ते बातमीपत्र ऐकवावे, आणि कोणत्या गावांची व कोणत्या माणसांची नावे आली एवढेच टिपावयास सांगावे. सगळे समजण्याची सक्ती नसली म्हणजे भीती जाते, आणि भीती गेली की कान उघडतात.

तरीही वर्गातले सर्वांत मोलाचे साधन म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या भाषा. त्या वर्गाबाहेर चपलांबरोबर काढून याव्यात, असे पूर्वी मानीत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बहुभाषिकता ही अडचण न मानता साधन मानावी असे सुचविले, ते अनुभवाला धरून आहे. मराठीचा 'ळ' घ्या. हिंदी पुस्तकांत वाढलेल्या दिल्लीकराला तो कठीण वाटतो. 'वेळ' आणि 'वेल', 'काळ' आणि 'काल' त्याला सारखेच ऐकू येतात. पण गुरुग्रामच्या आसपासच्या खेड्यांतला हरियाणवी बोलणारा मुलगा 'ळ' लीलया उच्चारतो. पंजाबी बोलीतही तो आहे. प्रमाण हिंदी शिकताना जो उच्चार गावंढळ म्हणून त्याला दडवावा लागला, तोच मराठीच्या वर्गात त्याची मिरास ठरतो. अशा मुलाला पुढे बोलावून त्याच्याकडून सर्वांना तो वर्ण शिकविला, तर वर्गाला वर्ण मिळतो आणि मुलाला मान मिळतो. शब्द उच्चारावा आणि ऐकणाऱ्यांनी 'ळ' किंवा 'ल' लिहिलेली पाटी वर करावी. दहा मिनिटांचा हा खेळ आठवडाभर चालविला की कान फरक पकडू लागतात.

मराठीत हिंदी माणसाला अडविणाऱ्या आणखी काही जागा आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतले 'च' लिहिण्यात एक, म्हणण्यात दोन. 'आम्ही' आणि 'आपण' यांचा भेद तर हिंदीच्या 'हम'मध्ये बुडून जातो. 'आम्ही जेवावयास चाललो' म्हटले की ऐकणारा घरी राहतो. 'आपण जेवावयास जाऊ' म्हटले की तो बरोबर निघतो. हा भेद व्याख्येने सांगण्यापेक्षा वर्गाचे दोन गट करावेत. प्रत्येक गटाने सहलीचा बेत ठरवावा, आणि दुसऱ्या गटाला तो 'आम्ही'ने सांगावा की 'आपण'ने, हे ठरवावे. एका सर्वनामाने माणसे आत घेतली जातात की बाहेर ठेवली जातात, हे तेथे डोळ्यांना दिसते.

येथपर्यंतचा विचार तिसऱ्या वर्गाला, म्हणजे दिल्लीतल्या मराठीला, लावून पाहिला पाहिजे; कारण सर्वांत अधिक पणाला लागले आहे ते तेथे. दिल्लीत मराठी माणसांनी पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय चालविले, मंडळे स्थापिली, गणेशोत्सव केले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि जुलै २०२५ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचे विशेष केंद्र उघडले. मान मिळाला, पीठ मिळाले. पण घरात काय चालते? आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो. तो समजत नाही असे नाही. त्याला सारे समजते. त्याला मराठी कळते, पण येत नाही. आजी आहे तोवर हा व्यवहार निभतो. पुढे त्या घरात मराठीत विचारणारे कोणी राहत नाही, आणि एका पिढीत भाषा घराबाहेर जाते.

अशा मुलाला बाराखडीपासून आरंभ करविणे म्हणजे त्याच्या ज्ञानाचा अपमान आहे, आणि महाराष्ट्रातली चौथीची पुस्तके त्याच्यापुढे टाकणे म्हणजे त्याच्या अडचणीकडे पाठ फिरविणे आहे. त्याची मराठी दुसरी भाषा झाली आहे हे निःसंकोचपणे मान्य करून, दुसऱ्या भाषेला योग्य अशी साधने त्याला दिली पाहिजेत. ती अजिबात नाहीत असेही नाही. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी प्रौढपणी मराठी शिकून ती आपलीशी केली, आणि जाई निंबकर यांच्याबरोबर परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके रचली. १९७५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे संदर्भ-व्याकरण आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेच्या पुणे येथील केंद्रात इतर राज्यांतल्या शिक्षकांना मराठी शिकविण्याची व्यवस्था झाली. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने, परदेशी भाषा शिकविताना मिळालेला अनुभव मराठीकडे वळवून, 'माय मराठी' हा अमराठी भाषकांसाठी पाठक्रम तयार केला. जर्मनच्या वर्गात जे सिद्ध झाले ते मराठीच्या उपयोगी पडावे, हा योग विचार करण्याजोगा आहे.

पण घरच्या घरीही काही करता येते, आणि त्याला पुस्तक लागत नाही. मुलाला 'मराठीत बोल' अशी आज्ञा करण्याऐवजी त्याच्यावर मराठीवाचून होणार नाही असे काम सोपवावे. आजीच्या हातची आमटी कशी करतात हे फक्त आजीला ठाऊक आहे. ती कृती विचारून, लिहून घेऊन, आईला वाचून दाखविण्याचे काम नातवाचे. चिंच आधी की गूळ आधी, फोडणीत काय काय पडते, हे त्याला विचारावेच लागते. आणि लिहिण्यात चूक झाली तर ती आमटीच दाखवून देते, कोणी लाल शाई वापरण्याची गरज पडत नाही. जुन्या छायाचित्रांतली माणसे कोण, गाव कोणते, कोणाचे लग्न होते, हेही आजीलाच ठाऊक असते. माहितीचे अंतर म्हणून वर्गात जे मुद्दाम निर्माण करावे लागते, ते दोन पिढ्यांच्या मध्ये आयते उभे आहे. मुलाने अशुद्ध बोलले तर अडवू नये. त्याच्याच वाक्याचे शुद्ध रूप उत्तरात सहज योजावे. हसावे तर मुळीच नाही. परभाषेचा वर्ग ज्या एका गोष्टीने हमखास बंद पडतो ती म्हणजे उपहास, आणि नातेवाइकांच्या मेळाव्यात दिल्लीकर मुलांच्या मराठीला हसण्याची आपली जुनी खोड आहे.

सारांश, परभाषा शिकविण्याची साधने महाग असावी लागत नाहीत आणि उपक्रम नवलाईचे असावे लागत नाहीत. वेळापत्रक, नोट, रस्त्यावरची पाटी, आमटीची कृती, यांतले काहीही चालते. शिकणाऱ्यापाशी विचारण्यासारखे काही असावे, सांगणारा समोर असावा, आणि चुकण्याला शिक्षा नसावी. मराठी अर्थाने शिक्षा. एवढे जुळून आले, म्हणजे भाषा शिकविणाऱ्याला फार बोलावे लागत नाही. शिकणाराच बोलू लागतो.